सव्वासहाशे आणि साडेबाराशे

सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहा आणि तोंड वरच्या अंगाला करा, जिकडून कृष्णा येते तिकडे. पूल १९२९ सालचा. आत्ता तो तुमच्या पायाखाली आहे, थोड्या वेळाने नसेल. कारण तुम्हाला आता पाण्याच्या उलट चालायचं आहे: सांगलीहून कऱ्हाड, तिथून सातारा, मग वाई, आणि वाईच्या वर थेट डोंगरात. मुक्कामागणिक सालं मागे पडत जातील. सामान फार नको. हातात भडंगाचा पुडा, खिशात पेन्सिल आणि डोक्यात एक प्रश्न, एवढं पुरे.

प्रश्न असा. एका पूर्ण संख्येचा कुठला तरी घात घ्या. दुसऱ्या संख्येचा कुठला तरी घात घ्या. दोन्हींची बेरीज तिसऱ्या संख्येचा कुठला तरी घात होईल का? तिन्ही घात सारखे धरले तर हा फर्माचा प्रसिद्ध प्रश्न. घात वेगवेगळे ठेवायची मुभा दिली की ते झालं फर्माचं व्यापक समीकरण. भडंग संपवा, पुड्याचा कागद उलगडा आणि लिहा. २ चा पाचवा घात ३२, ७ चा वर्ग ४९, बेरीज ८१, म्हणजे ३ चा चौथा घात. जमलं. आता ७ चा घन ३४३, १३ चा वर्ग १६९, बेरीज ५१२, म्हणजे २ चा नववा घात. हेही जमलं. अशी जुळणी समोर आली की माणूस आणखी शोधायला लागतो, तुम्हीही लागाल.

पण प्रश्नाला एक अट आहे. संख्या सहमूळ हव्यात. त्यांच्यात १ सोडून दुसरा कुठलाही सामाईक अवयव नको, म्हणजे मसावि १ हवा. शाळेत मसावि-लसाविची गणितं करताना जी गोष्ट आपण दोन ओळींत उरकायचो, तीच ही. ती अट इथे का घातली, हे नुसतं सांगून पटायचं नाही. शेवटच्या मुक्कामाला तुम्ही ते डोळ्यांनी बघणार आहात.

पूल उतरून विश्रामबागेकडे या. साल २००७. विलिंग्डन कॉलेजचं आवार, जिथे १९१९ पासून पोरं शिकत आली आहेत. सावलीतला एखादा कट्टा बघून बसा आणि कागदावरचे तेलाचे डाग चुकवून लिहा: ७१ चा वर्ग ५०४१. त्याच्या खाली १७ चा घन. सतराचा वर्ग २८९, त्याची पुन्हा सतरापट ४९१३. आता वजाबाकी करा. १२८ उरतात. १२८ म्हणजे २ चा सातवा घात.

घात बघा: दोन, तीन आणि सात. याच वर्षी ब्योर्न पूनेन, एडवर्ड शेफर आणि मिखाएल श्टोल या तिघांचा निबंध छापून आला आहे. एक वर्ग आणि एक घन यांची बेरीज सातवा घात असेल, तर सहमूळ उत्तरं किती? ऋण संख्या आणि शून्यही चालवलं तर बरोबर १६. सतरावं उत्तर नाही. तुमच्या कागदावरचं ७१ आणि १७ हे त्या सोळांतलं एक. आणखी एक असं आहे: १,५३,१२,२८३ चा वर्ग अधिक ९२६२ चा घन बरोबर ११३ चा सातवा घात. असली थोराड उत्तरं १९९० च्या दशकात फ्रिट्स ब्यूकर्स आणि डॉन झागियर यांनी संगणकाला कामाला लावून हुडकली. घातांच्या व्यस्त अपूर्णांकांची बेरीज १ पेक्षा कमी असेल, म्हणजे पुढे कऱ्हाडला ज्याचा नियम तुम्ही बघाल त्या गटात, आजवर फक्त दहा सहमूळ उत्तरं माहीत आहेत आणि त्यांतली मोठी पाच या दोघांची.

सापडलेलं उत्तर तपासायला पेन्सिल पुरते. याच्यापुढे एकही नाही हे सांगायचं कसं? कितीही पुढे मोजत गेलात तरी त्याच्या पुढची संख्या शिल्लक राहतेच. त्या तिघांनी मोजणं सोडलं आणि प्रश्नाचा आकार बदलला. एकोणिसाव्या शतकात फेलिक्स क्लाइन यांनी चौथ्या घाताचा एक अतिशय सममित वक्र अभ्यासला होता. दोन-तीन-सातच्या समीकरणाचं प्रत्येक सहमूळ उत्तर त्या वक्राच्या दहा भावंडांपैकी एकावर, अपूर्णांकांत लिहिता येईल असा एक बिंदू होऊन बसतं. म्हणजे अथांग शोध दहा वक्रांवर आला. मग त्या दहांतल्या एकेकावरचे सगळे बिंदू त्यांनी शोधले आणि यादी पुरी झाल्याचं सिद्ध केलं. मला या सगळ्या विषयात हे काम सर्वांत मोठं वाटतं. उत्तर सापडण्यात नशिबाचा वाटा असू शकतो, ‘आणखी नाही’ हे सिद्ध करण्यात तो कधीच नसतो.

याच वर्षांत आपल्याकडचं एक नाव जगभरच्या गणितज्ञांच्या तोंडी आहे. चंद्रशेखर खरे, जन्म मुंबईचा, १९६८ सालचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. ज्याँ-पिएर सेर या फ्रेंच गणितज्ञाने १९८७ साली एक अनुमान सविस्तर मांडलं होतं, आणि त्याच निबंधात हेही दाखवलं होतं की अनुमान खरं ठरलं तर फर्माचा सिद्धांत त्यातून आपोआप निघेल. त्याच्याबरोबर त्याची भावंडंही निघतील: दोन समघातांची बेरीज ही तिसरा तसाच घात गुणिले ३, ५, ७, ११ अशा काही ठरावीक मूळ संख्यांपैकी एकीचा घात असेल, तर ११ पासून पुढच्या मूळ घातांकांना, घातांक त्या मूळ संख्येहून वेगळा असला की, उत्तरच नाही. खरे यांनी त्या अनुमानाचा पहिला मोठा भाग एकट्याने सोडवला, तो निबंध २००६ साली आला. उरलेला डोंगर त्यांनी ज्याँ-पिएर विंटेनबर्जे यांच्या साथीने पार केला आणि २००९ साली ते निबंध प्रसिद्ध झाले. आपल्या वर्तमानपत्रांनी यावर पानंच्या पानं लिहायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

आता निघा. कृष्णेच्या काठाने उसाच्या फडांमधून वर चढत कऱ्हाडला पोहोचता तेव्हा साल १९९४ आहे आणि महिना सप्टेंबर. प्रीतिसंगमावर पाणी अजून गढूळ आहे, कोयना समोरून येऊन कृष्णेला मिळते आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसा. गेल्या वर्षी जूनमध्ये केंब्रिजला अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माचा सिद्धांत सिद्ध केल्याचं जाहीर केलं आणि बातमी जगभर गेली. काही महिन्यांत पुराव्यात एक भोक सापडलं. वर्षभर ते बुजत नव्हतं. आज १९ सप्टेंबर. इथे घाटावर धुणं चाललं आहे, आणि तिकडे त्या माणसाला आधी सोडून दिलेली एक वाट पुन्हा दिसते आहे, तीच नेमकी त्या भोकावरचा उपाय आहे. रिचर्ड टेलर यांच्या जोडीने लिहिलेल्या निबंधासह पुरावा पुढच्या वर्षी छापून येईल.

त्याच १९९५ साली हेन्री दार्मों आणि अँड्र्यू ग्रॅनव्हिल यांनी व्यापक समीकरणाबद्दल जे सिद्ध केलं ते समजून घ्यायला पाचवीतले अपूर्णांक पुरतात. तीन घात घ्या, त्यांचे व्यस्त अपूर्णांक करा आणि बेरीज मारा. दोन, दोन आणि तीन असे घात असतील तर अर्धा, अर्धा आणि एक-तृतीयांश, बेरीज १ च्या वर. अशा समीकरणांना सहमूळ उत्तरं अनंत. बेरीज नेमकी १ आली तर उत्तरं जवळपास नाहीतच. आणि बेरीज १ पेक्षा कमी आली तर त्या घातांच्या समीकरणाला सहमूळ उत्तरं मोजकीच असतात, त्यांना शेवट असतो. हे सिद्ध करायला दार्मों आणि ग्रॅनव्हिल यांनी गेर्ड फाल्टिंग्ज यांचा १९८३ चा सिद्धांत वापरला. दोन, तीन, सातची बेरीज करून बघा. छेद ४२ घ्या: २१ अधिक १४ अधिक ६, म्हणजे ४२ पैकी ४१. एकाच्या उंबरठ्याच्या आत, जेमतेम एका बेचाळिसांशाने. म्हणूनच ती जोडणी इतकी अवघड होती आणि तिच्यात एवढी मोठी उत्तरं दडलेली होती.

एक मर्यादाही इथेच कळते. उत्तरं मोजकी आहेत एवढंच हा सिद्धांत सांगतो. ती कोणती आणि शेवटचं कोणतं, हे सांगत नाही.

साताऱ्याला पोहोचा. १९८४. वाइल्स यांच्या पुराव्याचं बीज याच वर्षी पडलं आहे, जर्मनीतल्या ओबरवोल्फाख गावातल्या एका व्याख्यानात. गेरहार्ड फ्राय यांची कल्पना एवढीच: समजा फर्माच्या समीकरणाला उत्तर आहे. मग त्या उत्तरातल्या संख्या घालून एक इलिप्टिक कर्व्ह तयार करा. तो कर्व्ह इतका विचित्र निघेल की तसा असूच शकत नाही असं वाटेल. दोन वर्षांनी केन रिबेट यांनी ‘असं वाटेल’ काढून टाकलं. असा कर्व्ह मॉड्युलर असेल तर त्याला ‘पातळी २’ चा एक मॉड्युलर फॉर्म, म्हणजे एक अतिशय सममित फलन, जोडावा लागतो, आणि त्या पातळीवर तसा फॉर्म एकही नाही, तिथे पाटी कोरी आहे. दहा वर्षांनी वाइल्स एवढंच दाखवणार आहेत की असे कर्व्ह मॉड्युलर असतातच. कर्व्ह असायला हवा आणि असू शकत नाही. तेव्हा ज्या उत्तरापासून सुरुवात केली तेच नाही. व्यापक समीकरणांवर आज जे काम चालतं त्यातलं बरंचसं याच वाटेने जातं, फक्त प्रत्येक घातांच्या त्रिकुटाला साजेसा फ्राय कर्व्ह शोधावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही.

सातारा स्टँडवर ‘पाटण’ पाटीची एसटी लागलेली दिसेल. तिच्यात बसू नका. ती कोयनेच्या काठच्या पाटणला जाते. आपल्याला ज्या पाटणची गरज आहे ते चाळीसगावजवळ आहे आणि तिथे जायला आठशे वर्षं मागे जावं लागतं. आधी वाई.

वाईला १९७६ साल आहे. गणपतीच्या घाटावरून वर या आणि मराठी विश्वकोशाच्या कार्यालयात डोकवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली पहिला खंड याच वर्षी बाहेर पडतो आहे. टेबलांवर नोंदींचे गठ्ठे, मुद्रितांचे लांब कागद, समासात लाल शाईच्या दुरुस्त्या. पहिल्याच खंडाची पहिली नोंद ‘अंक’. फ अक्षरापर्यंत पोहोचायला अजून बराच अवकाश आहे. पण फर्माबद्दल आज इथे कुणी लिहायला बसलं तर त्याला एवढंच लिहिता येईल की विधान तीनशेहून जास्त वर्षं सिद्ध व्हायचं राहिलं आहे. अमेरिकेत सॅम्युएल वॅगस्टाफ संगणकावर १,२५,००० पर्यंतच्या घातांचा निकाल लावत आहेत. त्याच्या पुढे अंधार. याच १९७६ साली पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं, आणि १९८० साली त्याच संस्थेने त्यांच्या वडिलांनी केलेलं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं. वाईच्या त्या टेबलापाशी थोडं रेंगाळा. सगळं ज्ञान मराठीत आणायचं, अक्षरामागून अक्षर, हा हट्ट धरणारी माणसं तुमच्या समोर बसली आहेत.

आता चढ सुरू. पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. कृष्णेचा उगम इथेच, नदीची वाट संपली. पलीकडच्या अंगाला उतरा, जावळीच्या रानात. साल १६५७. गेल्या वर्षीच जावळी शिवाजीराजांच्या ताब्यात आली आहे आणि समोरच्या डोंगरावर प्रतापगडाचं काम चालू आहे. छिन्न्यांचा आवाज दरीभर घुमतो आहे.

इथे गडाच्या पायऱ्यांवर जागा करून बसा, कारण याच महिन्यांत फ्रान्समध्ये तुलूझ शहरातला न्यायसभेचा सल्लागार पिएर द फर्मा पत्रं लिहितो आहे. व्यवसाय कायद्याचा, जीव संख्यांत. समघातांबद्दलचा प्रसिद्ध दावा त्याने वीसेक वर्षांपूर्वीच आपल्या पुस्तकाच्या समासात लिहून ठेवला आहे. तो जगाला कळेल १६७० साली, त्याच्या मुलाने ते पुस्तक छापल्यावर, ज्या वर्षी तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले त्या वर्षी. पण १६५७ च्या फेब्रुवारीतलं आव्हान वेगळं आहे. फ्रेनिकल नावाच्या मित्राला तो विचारतो: अशी संख्या सांगा की तिच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवला की पुन्हा वर्ग मिळेल. ६१ ही लहानशी संख्या मुद्दाम निवडली आहे, कारण तिचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. चाचपडत कुणी तिथवर पोहोचणार नाही. फर्माला माहीत नाही की ६१ हाच आकडा घेऊन हेच उदाहरण पाचशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत भास्कराचार्यांनी सोडवून ठेवलं आहे, चक्रवाल नावाच्या रीतीने.

फर्माची स्वतःची मोठी देणगी म्हणजे ‘नाही’ सिद्ध करायची एक पक्की रीत. चौथ्या घातांसाठी त्याने ती वापरली. समजा एक उत्तर आहे. सामाईक अवयव असतील तर आधी काढून टाका. मग त्या उत्तरातून त्याच प्रकारचं, पण आधीपेक्षा लहान उत्तर तयार करून दाखवा. त्यातून आणखी लहान. गडाच्या पायऱ्या उतरत गेलं की पायथा येतोच, धन पूर्ण संख्यांनाही पायथा आहे. अनंत पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून पहिली पायरीच नव्हती. आणि हे उतरणं तेव्हाच चालतं जेव्हा सामाईक अवयव आधी बाजूला केलेला असतो.

शेवटचा टप्पा लांबचा आहे. सह्याद्रीच्या धारेने उत्तरेकडे चालत राहा आणि पाचशे वर्षं मागे जा. साल ११५०. भास्कराचार्य ३६ वर्षांचे आहेत. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असं ते स्वतः लिहितात. ते गाव नेमकं कुठलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तेव्हा गावाच्या नावावर अडून न राहता एका ओसरीत शिरा.

पुढ्यात धूळपाटी. बारीक धूळ पसरलेली, तिच्यावर काडीने आकडे काढायचे, चुकलं की हाताने सारखं करायचं. शिष्यांपुढे ‘बीजगणित’ ग्रंथातला एक प्रश्न आहे. दोन संख्या सांगा, ज्यांच्या घनांची बेरीज वर्ग होईल आणि ज्यांच्या वर्गांची बेरीज घन होईल. त्या तुम्हाला सांगता आल्या तर बीजगणितात तुम्ही मोठे, असं आव्हानही त्याला जोडलेलं आहे.

थांबा. हे तर तुमचंच समीकरण आहे. घन अधिक घन बरोबर वर्ग. वर्ग अधिक वर्ग बरोबर घन. घातांची दोन वेगवेगळी त्रिकुटं, आणि दोन्हींना एकच जोडी लागू पडायला हवी.

आता धुळीवर काय उमटतं ते नीट बघा. अज्ञात संख्येला इथे ‘यावत्तावत्’ म्हणतात, पाटीवर नुसतं ‘या’. दुसरं अज्ञात लागलं तर ‘का’, कालक, म्हणजे काळा. मग ‘नी’, नीलक. रंगांचीच नावं. संख्या ऋण असेल तर डोक्यावर टिंब. बरोबरचं चिन्ह नाही, दोन बाजू एकीखाली एक लिहायच्या. पहिली संख्या धरली ‘याव १’, म्हणजे अज्ञाताचा एक वर्ग. दुसरी ‘याव २’, त्याची दुप्पट.

घनांची बेरीज करा. एकाचा घन १, दोनाचा घन ८, बेरीज ९. नऊ हा वर्ग, आणि अज्ञाताचा सहावा घातही वर्ग. म्हणजे पहिली अट कुठलीही संख्या न घालताच पुरी झाली. वर्गमूळ ‘याघ ३’, म्हणजे अज्ञाताच्या घनाची तिप्पट. आता वर्गांची बेरीज: १ आणि ४ मिळून ५, म्हणजे ‘यावव ५’, अज्ञाताच्या चौथ्या घाताची पाचपट. ही घन व्हायला हवी. कशाचा घन? अज्ञाताच्या पाचपटीचा धरू. तिचा घन ‘याघ १२५’. दोन ओळी एकीखाली एक:

यावव ५
याघ १२५

दोन्हींना अज्ञाताच्या घनाने भागा. वर राहिलं ‘या ५’, खाली ‘रू १२५’, म्हणजे नुसती संख्या. या बरोबर २५. पंचवीसचा वर्ग ६२५, त्याची दुप्पट १२५०. सव्वासहाशे आणि साडेबाराशे.

ताळा करा. ६२५ चा वर्ग ३,९०,६२५. १२५० चा वर्ग १५,६२,५००. बेरीज १९,५३,१२५, आणि तो १२५ चा घन आहे, नेमका. घनांची बेरीज २,१९,७२,६५,६२५, आणि तो ४६,८७५ चा वर्ग आहे. दोन्ही अटी पुऱ्या.

तुमच्या लक्षात एक गोष्ट येते. या सगळ्या रचनेचं बीज आहे १ अधिक ८ बरोबर ९. त्या एक-दोनच्या जोडीला एका मोठ्या संख्येने गुणलं, आणि ती संख्या अशी नेमकी निवडली की दुसऱ्या अटीतला पाच हा आकडा घनात विरघळून जावा. ती संख्या म्हणजे ६२५, पाचाचा चौथा घात. जोडीचा मसाविही तोच, ६२५. सगळं काम सामाईक अवयवाने केलं आहे.

सांगलीला राहिलेली अट इथे समजते. सामाईक अवयव चालत असेल तर उत्तरं हवी तितकी घडवता येतात. धुळीत लिहा: १ अधिक १ बरोबर २. सगळीकडे आठाने गुणा. ८ अधिक ८ बरोबर १६, म्हणजे २ चा घन अधिक २ चा घन बरोबर २ चा चौथा घात. किंवा ३ चा घन अधिक ६ चा घन, २७ अधिक २१६, बरोबर २४३, ३ चा पाचवा घात. फर्माच्या मूळ प्रश्नात तिन्ही घात एकच असल्याने सामाईक अवयव शेवटी भागून टाकता येतो, त्यामुळे तिथे ही अट वेगळी सांगावी लागत नाही. घात वेगवेगळे झाले की तो असा सरळ भागून निघत नाही. म्हणून ती अट आधीच लावून घ्यावी लागते, आणि ती लावल्याबरोबर प्रश्नाची जातच बदलते.

यात भास्कराचार्यांचं काही कमी ठरत नाही. त्यांनी सहमूळ संख्या मागितल्याच नव्हत्या. त्यांचा प्रश्न ‘घडवून दाखवा’ असा होता, आणि दोन अटी एकाच जोडीत बसवायची त्यांची युक्ती इतकी स्वच्छ आहे की साडेआठशेहून जास्त वर्षांनी सातारा-सांगलीतल्या नववीच्या वर्गात फळ्यावर जशीच्या तशी करता येते. ती करायलाही हवी. आधुनिक गणित सगळं त्यांच्याकडे आधीच होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला आहे, आणि त्यांचं काम न वाचता बाजूला सारणाऱ्यांनीही. त्या ओसरीत जे खरोखर घडलं तेच पुरेसं थोर आहे.

त्या धुळीवर आता तुम्ही काडी धरा. ११ चा घन १३३१, ३७ चा घन ५०,६५३. बेरीज ५१,९८४, आणि तो २२८ चा वर्ग. ११ आणि ३७ सहमूळ आहेत, म्हणजे पहिली अट आधार न घेता पुरी झाली. ५६ आणि ६५ घेऊन बघा, बेरीज ६७१ चा वर्ग येते. तीन, तीन आणि दोन या घातांच्या व्यस्तांची बेरीज १ च्या वर जाते, त्यामुळे अशा सहमूळ जोड्यांना अंत नाही. दुसऱ्या अटीचीही वेगळी उत्तरं आहेत: २ चा वर्ग अधिक ११ चा वर्ग बरोबर १२५, पाचाचा घन. पण दोन्ही अटी एकाच वेळी तपासा. ११ आणि ३७ च्या वर्गांची बेरीज १४९०, आणि ११ चा घन १३३१ तर १२ चा १७२८. १४९० मधेच लटकतो. सामाईक अवयवाचा आधार काढला की भास्कराचार्यांचा प्रश्न असा अंगावर येतो.

परतीच्या वाटेवर कुठे थांबू नका, पाण्याबरोबर सरळ खाली या. २०२० साल लागलं की नुनो फ्रेइतास, बार्तोश नास्क्रेंत्स्की आणि मिखाएल श्टोल यांनी घात दोन, तीन आणि अकरा यांची सगळी सहमूळ उत्तरं काढलेली दिसतील, रीमानच्या अनुमानाचं व्यापक रूप खरं मानून. ते मानल्याशिवाय आकडेमोड पुरी होत नव्हती. सात ते अकरा हे अंतर पार करायला तेरा वर्षं गेली आणि तरीही एक ‘जर’ मागे राहिलाच.

आजवर सापडलेल्या त्या दहाही उत्तरांत एक घात दोन आहे. तिन्ही घात तीन किंवा त्याहून मोठे असले तर सहमूळ उत्तर नसतंच, असं अनुमान टेक्सासमधले बँकर अँड्र्यू बील यांनी १९९० च्या दशकात मांडलं आणि त्यावर बक्षीस लावलं, १९९७ साली ५,००० डॉलरचं. २०१३ पासून ते १० लाख डॉलर आहे आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे ठेवलेलं आहे. सिद्ध करणाऱ्यालाही तेच, खोटं ठरवणाऱ्यालाही तेच. तीन किंवा त्याहून मोठे घात घेऊन एकही सहमूळ उत्तर अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही, आणि असं उत्तर नाहीच, हेही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.